दहा हजारांतलं एक शीत

क्वार्ट्झच्या नळीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी पांढरी पूड. मॅग्नेशियम ऑक्साइड. व्हॅक्यूममध्ये ८०० अंशांवर रात्रभर भाजलेली, त्यामुळे तिच्या अंगावर ना पाणी उरलेलं, ना हवेतला कार्बन डायऑक्साइड. तिच्यावर थोडा हायड्रोजन सोडायचा आणि पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पाडत ठेवायचा. हळूहळू पूड निळी पडते. नीळ जरा जास्तच झालेल्या सदऱ्यासारखी. मग हायड्रोजन ओढून घ्यायचा आणि ऑक्सिजनच्या बाजूचा कॉक किंचित उघडायचा. निळाई तिथल्या तिथे जाते. पूड पुन्हा पांढरी.

डोळ्यांपुरती गोष्ट इथे संपली. ईएसआरची, म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सची, इथे सुरू होते. तो निळा रंग पृष्ठभागाच्या खाचाखोचांत अडकून पडलेल्या इलेक्ट्रॉनांचा होता. ऑक्सिजनच्या रेणूंनी ते इलेक्ट्रॉन उचलले, एकेका रेणूने एकेक, आणि रेणूचा सुपरऑक्साइड आयन झाला. नळी थंड करून ईएसआरच्या यंत्रात सरकवली, की कागदावर तीन वळणांची एक आकृती उमटते. ती आकृती सांगते, की ऑक्सिजन कुणाच्या शेजारी बसलाय, त्या शेजाऱ्यावर किती धन भार आहे, आणि जड ऑक्सिजन वापरला तर, रेणू आडवा निजलाय की उभा आहे तेही. पांढऱ्या पुडीतून एवढं बाहेर काढणारी फार यंत्रं नाहीत.

या तंत्राचा जन्म १९४४ सालचा, रशियातल्या कझानचा, झावोयस्कींच्या प्रयोगशाळेतला. तत्त्व दोन ओळींचं आहे. इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबक. जोडीने राहिले की दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं, एकांडा उरला की ते बाहेर दिसतं. चुंबकीय क्षेत्रात या एकांड्याला दोनच दिशा मोकळ्या असतात, आणि दोहोंमधला ऊर्जेचा फरक मायक्रोवेव्हने भरून काढता येतो. नेहमीच्या एक्स-बँड यंत्रात मायक्रोवेव्ह ९.५ गिगाहर्ट्झच्या आसपास कायम ठेवतात आणि क्षेत्र हळूहळू वाढवत नेतात. कशाशीही संबंध नसलेला मोकळा इलेक्ट्रॉन साधारण ३३९० गाउसला ऊर्जा शोषतो. फ्रिक्वेन्सी आणि क्षेत्र यांच्या गुणोत्तरावरून जी-मूल्य नावाचा आकडा निघतो; त्याचा आहे २.००२३. प्रत्यक्षातला इलेक्ट्रॉन कुठल्या ना कुठल्या ऑर्बिटलमध्ये राहतो, आजूबाजूच्या अणूंचा धाक त्याला असतोच, म्हणून त्याचं जी-मूल्य थोडं इकडेतिकडे सरकतं. आपला सगळा मतलब त्या थोड्याशा सरकण्याशी.

आता एक हिशेब मांडतो, कारण पुढचं बहुतेक सगळं त्यावर उभं आहे.

नळीत ५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड घेतला. चांगला बनवलेला असेल तर ग्रॅममागे २०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे नळीत १० चौरस मीटर. शहरातली एक लहानशी खोली. या पृष्ठभागावर मॅग्नेशियमचे अणू साधारण १० च्या २०व्या घाताइतके. त्यावर सुपरऑक्साइडचा चांगला, ठसठशीत सिग्नल देणारे आयन असतात १० च्या १६व्या घाताइतके. भागाकार करा: दहा हजारांत एक. अरुंद रेषा असेल तर याच्या शंभरपट कमी आयनही पुडीत सहज दिसतात, म्हणजे दहा लाखांत एक.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आपण. पण ती म्हण गृहीत धरते, की शीत त्याच पातेल्यातलं आहे. ईएसआरच्या हाताला लागलेलं शीत पातेल्यातलं की काठाला चिकटून राहिलेलं कालचं, हे आकृतीवर लिहिलेलं नसतं. उत्प्रेरकावरचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या अशा पुडीवरचे, बाकीचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव अणू ज्या उद्योगात असतील, त्याचा या यंत्राला पत्ताच नाही.

तरी आधी शीत धड शिजलेलं हवं, म्हणून नळीपासून सुरुवात.

नळी क्वार्ट्झचीच हवी, बाहेरून ४ मिलिमीटर. साध्या बोरोसिलिकेट काचेत लोखंडाचे अंश असतात आणि ते जी ४.३ ला आपली रेघ ओढून ठेवतात. शिवाय ती काच ५००-६०० अंशांना माना टाकते. वरचा भाग मात्र बोरोसिलिकेटचा, म्हणजे काच आणि क्वार्ट्झ यांच्यामध्ये ग्रेडेड सील करून घ्यावं लागतं. चांगला काचकाम करणारा माणूस ओळखीचा असणं ही या विषयातली अर्धी गुंतवणूक. कॉक टेफ्लॉनचा, ग्रीस न लागणारा. ग्रीसची वाफ तापलेल्या, कोऱ्या पृष्ठभागावर येऊन बसते आणि जी २.००३ च्या जवळ एक गोलसर कार्बनी सिग्नल देते. तो पाहून पहिल्यांदा माणूस खूश होतो.

पूड घालण्याआधी रिकाम्या नळीचा स्पेक्ट्रम घ्यावा, त्याच तापमानाला, त्याच पॉवरला. सांगायला लाज वाटावी इतकी साधी गोष्ट आहे, आणि नेमकी हीच राहून जाते. अतिनील प्रकाश थेट ईएसआरच्या नळीवर पाडला तर क्वार्ट्झमध्येच रंगकेंद्रं, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकलेल्या खोटी, तयार होतात आणि जी २.००० च्या जवळ एक टोकदार रेष देतात. म्हणून जाणते लोक नळीला वरच्या बाजूला क्वार्ट्झचा एक फुगा जोडून घेतात: भाजणं, प्रकाश पाडणं, वायू देणं सगळं फुग्यात, आणि मोजायच्या वेळी नळी तिरपी करून पूड खालच्या कोऱ्या पायात घरंगळवायची.

पूड चमच्याने भरायची तर चमचा प्लास्टिकचा. स्टीलच्या चमच्याचा एखादा ओरखडा, किंवा स्टीलच्या बॉल मिलमध्ये वाटलेला नमुना, म्हणजे लोखंडाची भुकटी. तिचा चुंबकीय सिग्नल हजारभर गाउस रुंद असतो आणि सगळी बेसलाइन तिरकी करतो. कॅव्हिटीत, म्हणजे यंत्रात नळी बसते त्या पोकळीत, नळीबाहेरची धूळ गेली तरी तेच. नळीचं बाहेरचं अंग पुसूनच आत घालावी.

भाजण्याला घाई चालत नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडपासून ऑक्साइड बनवताना पाणी मुख्यतः २५० ते ३५० अंशांदरम्यान सुटतं. अरुंद नळीत ते एकदम सुटलं तर वाफेचा लोंढा पुडीला घेऊन वर जातो, पूड कॉकमध्ये अडकते, कॉक नीट बसत नाही, आणि रात्रभर हवा आत झिरपत राहते. मिनिटाला एक-दोन अंश, आणि पाणी सुटण्याच्या टप्प्यावर दाब खाली येईपर्यंत थांबायचं. यात आणखी एक फायदा आहे: पाण्याची वाफ मॅग्नेशियम ऑक्साइडचे कण एकमेकांना चिकटवते. ती लवकर काढून टाकली तर पृष्ठभाग मोठा राहतो. शेवटी ८००-९०० अंश आणि १० च्या उणे ५व्या घाताइतक्या टॉरचा (टॉर हे दाबाचं एकक) व्हॅक्यूम. लिथियम असलेले नमुने मात्र क्वार्ट्झला या तापमानाला कुरतडतात. ते प्लॅटिनमच्या किंवा अॅल्युमिनाच्या बोटीत भाजावेत आणि मग नळीत घ्यावेत.

ऑक्सिजन दिल्यावर जास्तीचा काढून घ्यायला विसरायचं नाही. ऑक्सिजनचा साधा रेणू स्वतःच चुंबकीय आहे, त्याच्यात दोन इलेक्ट्रॉन एकांडे असतात, आणि तो पृष्ठभागावरच्या आयनाला येताजाता धक्के देत राहतो. काही टॉर दाब असला तरी रेषा पसरतात, जास्त असला तर सिग्नल जमिनीत मिसळून जातो. नवख्या माणसाला वाटतं, प्रयोग फसला. पंप चालू केला की सिग्नल जसाच्या तसा परत येतो. हीच खोड उपयोगाची. ऑक्सिजन दिल्यावर जी रेष पसरते आणि काढल्यावर परत उभी राहते, तिचा मालक पृष्ठभागावर आहे. जी ढिम्म राहते, ती स्फटिकाच्या पोटातली. याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मँगनीजचे अंश बहुतेकदा असतातच, त्यांच्या सहा अरुंद रेषा साधारण ८७ गाउसच्या अंतराने सगळ्या स्पेक्ट्रमभर रोवलेल्या दिसतात. ऑक्सिजन द्या, काढा, त्यांना काही फरक पडत नाही. त्यांचा वैताग करू नये. जागच्या जागी बसवलेली फूटपट्टी आहे ती, फुकटची.

मोजणं बहुधा ७७ केल्व्हिनला, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये. कॅव्हिटीत बोटासारखं निमुळतं शेपूट असलेला क्वार्ट्झचा ड्युअर, म्हणजे थर्माससारखं भांडं, बसवतात, त्यात नायट्रोजन, त्यात नळी. नायट्रोजन उकळतो, बुडबुडे नळीला हलवतात, आणि बेसलाइन खरखरते. नायट्रोजनमधून हेलियमची बारीक धार सोडली की तो उत्कलनबिंदूच्या खाली जातो आणि गप्प बसतो. हवेतल्या बाष्पाचे बर्फकण ड्युअरच्या तळाशी जमून नाचायला लागले तर हेलियमचाही उपयोग नाही. नायट्रोजन ओततानाच कापडातून गाळून घ्यावा. कॅव्हिटीत कोरडा नायट्रोजन वायू सतत वाहता ठेवावा, नाहीतर ड्युअरच्या बाहेर दव धरतं. पाणी मायक्रोवेव्ह पिऊन टाकतं. नमुना ओला असेल तरी हेच होतं. यंत्र ट्यून करताना स्क्रीनवर डिप, म्हणजे कॅव्हिटीने मायक्रोवेव्ह घेतल्याची खळगी, दिसत नाही, किंवा दिसतो तो पसरट, पोट सुटल्यासारखा. अशा वेळी यंत्राच्या खुंट्या पिळत बसण्यापेक्षा नमुना वाळवावा. कोक बसून काळा पडलेला, म्हणजे विजेचा वाहक झालेला उत्प्रेरकही असाच त्रास देतो. त्यावर उपाय म्हणजे तो कमी घेणं, किंवा शुद्ध सिलिकाच्या पुडीत मिसळून पातळ करणं.

पॉवरचा मोह आवरावा लागतो. मायक्रोवेव्ह वाढवली की सिग्नल वाढतो, पण एका मर्यादेपर्यंत. इलेक्ट्रॉनला खाली यायला वेळ मिळाला नाही की तो संपृक्त होतो. मग रेष वाढायची थांबते आणि आकारही बदलतो. सेंद्रिय रॅडिकल (एकांडा इलेक्ट्रॉन असलेले रेणू), रंगकेंद्रं ७७ केल्व्हिनला एक-दोन मिलिवॉटलाच थकतात, तांबं-व्हॅनेडियमवाले १० मिलिवॉट सहज पचवतात. म्हणून पाच-सहा पॉवरना स्पेक्ट्रम घेऊन सिग्नलची उंची पॉवरच्या वर्गमुळासमोर मांडायची आणि सरळ रेषेत असलेल्या भागातच राहायचं. मॉड्युलेशनचं, म्हणजे क्षेत्रावर चढवलेल्या बारीक थरथरीचंही तसंच: सर्वांत अरुंद रेषेच्या रुंदीच्या पाव भागाहून जास्त नको. दोन रेषांमधली दरी मॉड्युलेशन वाढवून बुजवली की त्या दरीवर आधारलेला सगळा अर्थही बुजतो.

किती एकांडे आहेत हे मोजण्याचा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत गरजेचा. यंत्र शोषणाचा पहिला डेरिव्हेटिव्ह काढतं, त्यामुळे दोनदा इंटिग्रेशन करावं लागतं आणि बेसलाइनमधली केसाएवढी चूक दुसऱ्या इंटिग्रेशनमध्ये डोंगराएवढी होते. तुलनेसाठी वजन केलेलं मोरचूद घेतात. एक मिलिग्रॅम मोरचुदात २.४ गुणिले १० चा १८वा घात इतके एकांडे इलेक्ट्रॉन असतात. मोरचूद आणि नमुना दोन्ही सारख्याच उंचीपर्यंत भरलेले हवेत, सारख्याच नळीत, कॅव्हिटीच्या मध्यावर. मध्यापासून वरखाली संवेदनशीलता झपाट्याने उतरते, त्यामुळे दोन सेंटिमीटर उंचीच्या पुडीची अर्ध्या सेंटिमीटरच्या मोरचुदाशी तुलना म्हणजे शेराची मापाशी. सगळं नीट केलं तरी वीस-तीस टक्क्यांची चूक धरून चालावं. हा आकडा अनेक निबंधांत नसतो, निव्वळ ‘सिग्नल वाढला’, ‘सिग्नल कमी झाला’ एवढंच असतं. असे निबंध मी सावधपणे वाचतो.

आता आकृती वाचू. पुडीत कण सगळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतात, म्हणून प्रत्येक दिशेचं जी-मूल्य एकावर एक सांडून तीन वळणांची आकृती बनते. मॅग्नेशियम ऑक्साइडवरच्या सुपरऑक्साइडचं सर्वांत बाहेरचं वळण जी २.०७७ ला, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या जागेपासून जवळजवळ सव्वाशे गाउस खाली. टायटॅनियम डायऑक्साइडवर तेच वळण २.०२ च्या आसपास येतं, अंतर जेमतेम तीस गाउस. रेणू तोच. फरक शेजाऱ्याचा.

त्याचं कारण सुंदर आहे. सुपरऑक्साइडचा एकांडा इलेक्ट्रॉन ज्या दोन ऑर्बिटलांपैकी एकात राहतो, ती दोन्ही मोकळ्या आयनात ऊर्जेने अगदी सारखी असतात. शेजारी धन भार आला की त्याच्या ओढीने दोघांची पातळी वेगळी होते. भार जितका मोठा तितकी फारकत जास्त, आणि फारकत जितकी जास्त तितका जी-मूल्याचा सरक कमी, कारण सरक या फारकतीच्या व्यस्त प्रमाणात आहे. दोन धन भाराच्या मॅग्नेशियमजवळ ही फारकत अंदाजे अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघते, चार धन भाराच्या टायटॅनियमजवळ दोनच्या थोडी खाली. म्हणजे जी-मूल्य वाचलं की शेजाऱ्याचा भार वाचला. मिश्र ऑक्साइडवर ऑक्सिजन कुठल्या धातूवर बसलाय, हे यावरून सांगता येतं. एवढंच कशाला, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या एकाच पुडीतही २.०६ ते २.०९ च्या दरम्यान दोन-तीन लहान खांदे दिसतात. ते सपाट पृष्ठावरचे, कडेवरचे आणि कोपऱ्यावरचे मॅग्नेशियम. तीनही मॅग्नेशियमच, पण कोपऱ्यावरच्याला शेजारी कमी, म्हणून त्याची ओढ जास्त.

रेणू आडवा की उभा, हे जी-मूल्यावरून ठरत नाही. त्यासाठी ऑक्सिजनचा १७ वजनाचा समस्थानिक लागतो. १६ च्या केंद्रकाला चुंबकत्व नाही, १७ ला आहे. सोनाराच्या हिशेबाने वापरायचा हा वायू, काही टॉर, लहानात लहान आकारमानात. ६० टक्के समृद्ध वायू घेतला तर ३६ टक्के रेणूंत दोन्ही अणू १७ चे, ४८ टक्क्यांत एक, १६ टक्क्यांत एकही नाही. एकच असेल तर रेष सहा भागांत फुटते. दोन असतील आणि दोघांवर इलेक्ट्रॉनचा वाटा सारखा असेल तर अकरा भागांत, मधली सर्वांत उंच, दोन्हीकडे पायऱ्या उतरत गेलेल्या. वाटा सारखा नसेल तर सहा रेषांचे दोन वेगवेगळे संच दिसले पाहिजेत. मॅग्नेशियम ऑक्साइडवर ७७ गाउसच्या अंतराने नीटस अकरा रेषा येतात. दोन्ही अणू पृष्ठभागापासून सारख्या अंतरावर, रेणू आडवा. इंग्लंडमधल्या हार्वेलच्या टेंच यांनी हे साठच्या दशकाअखेरीस दाखवलं. पुढे पॅरिसच्या मिशेल शे यांच्यासोबत त्यांनी पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या सगळ्या रूपांची जंत्री लावली. आज ईझीस्पिनसारख्या प्रणालीवर अशी आकृती मिनिटभरात काढता येते. पण संगणकाला भरपूर अंक दिले की तो कुठल्याही आकृतीवर कुठलाही अर्थ बसवून देतो, म्हणून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला, क्यू-बँडला ३५ गिगाहर्ट्झजवळ, तेच अंक चालतात का हे पाहणं भाग आहे.

आता शिताचा प्रश्न.

बीएस-६ डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण भरतात, ते निकास नळीत अमोनिया देतं आणि अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडांचा नायट्रोजन करतो. या कामासाठी तांबं भरलेला झिओलाइट, म्हणजे सच्छिद्र सिलिकेट, वापरतात, चॅबाझाइट जातीचा. दोन धन भाराचं तांबं ईएसआरला छान दिसतं, कमी क्षेत्राच्या बाजूला चार रेषांचं कुंपण. एक धन भाराचं दिसत नाही. मग अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड सोडताच सिग्नल घटला, की निष्कर्ष हाताशीच असतो: तांबं रिड्यूस झालं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन एक धन भाराचं झालं. हा निष्कर्ष बरोबरही असतो, बऱ्याचदा. पण हाच झिओलाइट नुसता ऑक्सिजनमध्ये ४०० अंशांना वाळवून पाहा. रिड्यूस करणारं काहीही नाही, तरी सिग्नलचा मोठा भाग गायब. क्ष-किरण शोषणाचा प्रयोग सांगतो, की तांबं दोन धन भाराचंच आहे. पाण्याची वाफ द्या, सिग्नल परत. एका हायड्रॉक्सिल गटासह बसलेलं कोरडं तांबं दोन धन भाराचं असूनही या यंत्राला दिसत नाही. दोन तांबी पुरेशी जवळ येऊन एकमेकांची स्पिन मारून टाकतात तेव्हाही तेच. सिग्नल जाण्याची कारणं बरीच असतात, आणि रिडक्शन हे त्यातलं एक. तापमानाचाही हिशेब द्यावा लागतो: ७७ केल्व्हिनवरून ५०० केल्व्हिनला गेलं की काहीही न होता सिग्नल साडेसहापट कमी होतो, निव्वळ क्युरीच्या नियमाने, म्हणजे तापमानाच्या व्यस्त प्रमाणात.

याच्या उलटची फसगत जास्त गाजलेली. १९८५ साली टेक्सास ए अँड एमचे इतो आणि लन्सफर्ड यांनी लिथियम घातलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर मिथेनचे दोन रेणू जोडून इथेन आणि एथिलीन मिळवलं. नैसर्गिक वायूपासून सरळ एथिलीन, म्हणजे केवढं मोठं आमिष. त्याच काळात लन्सफर्डच्या गटाने ईएसआरने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अजूनही नजर लागावी अशी: तापलेल्या उत्प्रेरकावरून निघालेला वायू आर्गॉनसोबत नीलमणी स्फटिकाच्या अतिथंड दांड्यावर गोठवला, आणि त्यात मिथिल रॅडिकलच्या चार रेषा सापडल्या, १:३:३:१ उंचीच्या, २३ गाउसच्या अंतराने. मिथेनमधला एक हायड्रोजन निघून रॅडिकल खरोखरच पृष्ठभागावरून उडून जातं, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे, तापलेला नमुना झटक्यात थंड केला की लिथियमशेजारी एक ऋण भार असलेल्या ऑक्सिजनचा सिग्नल मिळतो. हायड्रोजन ओरबाडणारा तोच, असं मांडलं गेलं आणि पुष्कळ वर्षं पाठ्यपुस्तकासारखं मानलं गेलं.

हा विषय पुण्याला परका नव्हता; राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वसंत चौधरी यांनी मिथेन जोडण्याच्या उत्प्रेरकांवर, विशेषतः दुर्मीळ मृदाधातू घातलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर, बरंच काम केलं. पुढे बर्लिनच्या संशोधकांनी लिथियम-मॅग्नेशियम ऑक्साइड पुन्हा नव्याने तपासला आणि त्या पुडींत हे केंद्र त्यांना हाती लागलं नाही. लिथियम तर कामाच्या तापमानाला उडून जात राहतं. झटक्यात थंड केलेल्या नमुन्यातला सिग्नल खोटा नव्हता. ते शीत खरंच होतं. पण त्याच शितावरून पातेल्याचा निवाडा करायला हवा होता का, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. मिथिल रॅडिकलच्या चार रेषांवर मात्र ओरखडाही उठला नाही. पहिल्या प्रयोगात काम करून बाहेर पडलेला रेणू पकडला होता. दुसऱ्यात कामाच्या जागी सापडलेला एक इसम.

पुण्यातलंच आणखी एक उदाहरण, जास्त सुखाचं. टायटॅनियम बसवलेला टीएस-१ नावाचा सिलिकेट हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ऑक्सिडेशन करतो. त्यातलं चार धन भाराचं टायटॅनियम ईएसआरला अदृश्य. पेरॉक्साइडचं पाणी घातलं की २.०२ ते २.०३ दरम्यान सुपरऑक्साइडची वळणं दिसू लागतात, तीही एकाहून अधिक जातींची, टायटॅनियमच्या वेगवेगळ्या जागांची. पाषाणच्या त्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रत्नसामी, श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत हे बारकाईने केलं. मला त्यातलं आवडतं ते हे, की त्यांनी दिसणाऱ्या सुपरऑक्साइडला सगळं श्रेय देऊन विषय बंद केला नाही. न दिसणाऱ्या हायड्रोपेरॉक्सो रूपासाठी अतिनील-दृश्य वर्णपट बाजूला ठेवला आणि दोहोंचं प्रमाण उत्पादनांशी जुळतं का ते पाहिलं. ईएसआर एकटं वापरायचं यंत्र नव्हे, हे बोलायला सोपं आहे. दोन यंत्रांवर एकच नमुना, एकाच दिवशी, हवा न लागू देता फिरवणं अवघड आहे.

हे शक्य नसेल तर निदान एक साधी परीक्षा घेता येते, त्याच निळ्या पुडीवर. एका नळीत ऑक्सिजन द्या, सुपरऑक्साइड मिळेल. दुसरीत नायट्रस ऑक्साइड द्या. तो इलेक्ट्रॉन घेतो, नायट्रोजन सोडतो आणि एकच ऑक्सिजन अणू ऋण भारासह पृष्ठभागावर ठेवून जातो, जी २.०४२ ला. इथे वायू शुद्ध हवा. ऑक्सिजनचा थोडासा अंश असला तरी तो या आयनाला चिकटून ओझोनाइड करतो, आकृती बदलते, आणि आपण भलत्याच गोष्टीची परीक्षा घेत बसतो. मग दोन्ही नळ्यांत एथिलीन, पण मोजून. ५ मिलिलिटरच्या फुग्यात खोलीच्या तापमानाला १ टॉर म्हणजे रेणू झाले १.६ गुणिले १० चा १७वा घात, आपल्या आयनांच्या सोळापट. एवढं एकदम दिलं तर किती रेणूंनी किती आयन खाल्ले हे कळायचं नाही. ०.०१ टॉरचे घोट द्यावेत. प्रत्येक घोटानंतर पाच मिनिटं थांबायचं, वायू ओढून घ्यायचा, ७७ केल्व्हिनला मोजायचं, दोनदा इंटिग्रेशन करायचं, पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायचं.

एका अणूच्या ऑक्सिजनचा सिग्नल घोटागणिक उतरत जातो. सुपरऑक्साइडचा तिथेच राहतो, आणि त्याला हलवायला नळी दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवावी लागते.